तंबाखू खात नाही, म्हणून कुणी पाहिलंच नाही

आमच्या दातांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला. तंबाखू, खर्रा, गुटखा काही? मी ‘नाही’ म्हणायची, ते खरंच होतं, आणि विषय तिथंच संपायचा. रूट कॅनल, त्यावरची कॅप, दात साफ करणं, सगळं त्यांच्याकडेच झालं. पुढं साधी वांग्याची भाजीही झोंबायला लागली, तर म्हणाले, ‘काकू, आपल्याकडं तेल-तिखट जास्त, जरा कमी करा.’ जेल दिलं, बी कॉम्प्लेक्स दिलं. गाल आतून खरखरीत लागतो म्हटलं, तर एका दाढेची धार घासली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

जेवणानंतर बडीशेप आणि कातरलेली सुपारी, हे आमच्या घरी सासूबाईंच्या अडकित्त्यापासून चालत आलेलं. त्याला व्यसन कोण म्हणणार? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २००४ सालीच, तंबाखू न घातलेली नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असं जाहीर केलंय. सुपारीनं गालाचं अस्तर ताठ होत जातं, तिखट झोंबतं, हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. एवढं दातांचा कोर्स केलेल्या माणसाला ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

कळलं ते योगायोगानं. नणंदेच्या कवळीसाठी अमरावतीच्या दंत महाविद्यालयात गेलो होतो. तिथली एक शिकाऊ मुलगी, माझ्या लेकीहून लहान, म्हणाली, ‘काकू, तुम्ही बसल्याच आहात तर तुमचंही पाहू का?’ मग म्हणाली, ‘स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घाला.’ दोन गेली. तिसरं जाईना. मी हसून पुन्हा जोर लावला, तरी जाईना, आणि तिच्याकडं पाहिलं तर ती हसत नव्हती. तिनं गॉजच्या तुकड्यात जीभ धरून दोन्ही कडांना वळवली, जिभेखाली पाहिलं, दोन्ही गाल आरशानं ताणले, टाळू पाहिली, गालावरून बोट फिरवलं, जबड्याखाली गाठी चाचपल्या. पाच मिनिटंही लागली नसतील. इतकी वर्षं त्या एसीच्या क्लिनिकात माझी जीभ कुणी उचलून पाहिली नव्हती! डाव्या गालात मागं पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. तिनं मॅडमना बोलावलं आणि तुकडा तपासायला घेतला. रिपोर्टात डिसप्लेशिया निघाला, म्हणजे कर्करोगाच्या अलीकडची पायरी. चट्टा काढून टाकला. ते सगळं सांगत बसत नाही.

रिपोर्ट घेऊन जुन्या डॉक्टरांकडं गेले. वाटलं, निदान चुकचुकतील. म्हणाले, ‘सुपारीचं तुम्ही मला कधी सांगितलंच नाही.’ मी म्हटलं, तुम्ही विचारलं कधी? त्यावर मोबाइल पाहायला लागले. मग मी माझा केसपेपर मागितला. काउंटरवरच्या मुलीनं बरेच आढेवेढे घेऊन झेरॉक्स दिली. त्यात छापील रकाना होता, गाल, जीभ, टाळू. पुढं दरवेळी ‘नॉर्मल’वर खूण. न पाहताच!

म्हणून सांगते, केसपेपरची झेरॉक्स दरवेळी मागून घ्या. खुर्चीवर बसल्यावर ‘दात दाखवायचेत’ एवढ्यावर थांबू नका. ‘जिभेखाली आणि गालात मागंपर्यंत पाहा’ असं तोंडानं म्हणा, आणि सुपारी, मशेरी, सुगंधी मसाला जे काही असेल ते न विचारता सांगा. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, गिळताना टोचणं, यांवर नुसतं जेल घेऊन परत येऊ नका. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं सांगणारे मलाही पुष्कळ भेटले. पसरत नाही, उशीर केला तर मात्र रोग वाढतो. खासगीत जमत नसेल तर अमरावतीच्या इर्विन या सरकारी रुग्णालयात जा. तीस वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही करायची असते. विचारा, नसेल करत तर भांडा. बाकी दात स्वच्छ ठेवा वगैरे आहेच.

या तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष आला: तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये, तपासणी झालेल्या गटात तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. आणि आपल्याकडं पदवी भिंतीवर लावून बसलेल्यांना टॉर्च पुढं सरकवायला जड जातं.

माझं तोंड पूर्वीसारखं उघडणार नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दातांत धरून रोज व्यायाम करते, एखादी काडी वाढली तरी बरं वाटतं. अकोल्याचे आमचे भाऊजी हे सगळं ऐकून पानठेल्यावरून पन्नीतला खर्रा घोटत घरी येतात आणि म्हणतात, ‘माह्या तोंडात त तीन काय, चार बोटं जातात!’ भाऊजी, बोटं गेली तरी चट्टा असू शकतो. त्यांच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर मी बहिणीकडून घेतला आहे. पुढच्या वेळी मीच सोबत जाऊन खुर्चीशेजारी उभी राहणार आहे.