काडतूस सादळू नये म्हणून: अनुभवाचे दहा बोल

पावसाळ्यात पापड नरम पडला की आमच्या कमलनगरकडे बायका म्हणतात, "सादळला." पापड पुन्हा निखाऱ्यावर धरता येतो, चटणी उन्हात ठेवता येते. काडतूस सादळलं तर त्याला उपाय नाही. शिवाय ते सादळलंय हे पापडासारखं हाताला कळत नाही. ते कळतं घोडा दाबल्यावर, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या आप्पांकडे शेतराखणीच्या परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक होती. मी पुढे फौजेच्या ऑर्डनन्स विभागात गेलो. काही वर्षं पुलगावच्या दारूगोळा भांडारात काढली. निवृत्तीनंतर उदगीरला एका बँकेत गार्ड म्हणून स्वतःची दुनळी घेऊन उभा राहिलो. बारुदाशी माझा सगळा संबंध तो सांभाळून ठेवण्याचा. बार फार थोडे काढले. त्यातून जे शिकलो ते परवानाधारक शेतकऱ्यांसाठी आणि गार्डची नोकरी करणाऱ्या माझ्या माजी सैनिक भावांसाठी लिहितो आहे.

1. ओल डोळ्यांना दिसत नाही

श्रावणातली रात्र होती. रानडुकरं सोयाबीनमध्ये शिरली होती. आप्पांनी मला बंदूक दिली आणि आभाळाकडे बार काढायला सांगितलं. काडतूस नळीत जरा जोर लावूनच बसलं, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. घोडा दाबला, तर नुसतं "टक्". दुसऱ्या दिवशी ते उजेडात पाहिलं. वरून कोरडं होतं, पण कागदी नळकांडं फुगलेलं होतं आणि पितळी बुडाच्या कडेला हिरवी रेघ आली होती. त्या काडतुसावर पाण्याचा थेंबही पडला नव्हता. चार महिन्यांच्या दमट हवेने हे केलं होतं.

काडतुसात चार गोष्टी असतात: बुडाची टोपी, बारूद, मधला डाट आणि छर्रे. दमट हवा आत शिरते ती टोपीच्या कडेने आणि दुमडलेल्या तोंडातून. हल्लीची प्लास्टिकची काडतुसं फुगत नाहीत, पण या दोन वाटा त्यांनाही आहेत. ओल लागलेली टोपी पेटत नाही, किंवा अर्धवट पेटते. आमच्या शाळेत प्लासीची लढाई शिकवत. 23 जून 1757 ला दुपारी पाऊस आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी दारूवर ताडपत्र्या ओढल्या, नबाबाची दारू भिजली. तेव्हा ती गोष्ट परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा अर्थ त्या श्रावणात कळला.

2. खताच्या पोत्यांजवळ काडतुसं ठेवू नका

हा बोल मी सगळ्यात कळकळीने सांगतो, कारण आमच्या घरी हीच चूक झाली होती. आप्पांचा काडतुसांचा डबा बळदाशेजारच्या कोनाड्यात असायचा. खाली युरियाची पोती आणि भिंतीपलीकडे गोठा. जागा आडोशाची, अंधारी, लेकरांचा हात न पोचणारी. आप्पांना ती सुरक्षित वाटायची.

ती जागा का चुकीची होती, हे मला फौजेत कळलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या पलटणी पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत. पावसाळा संपल्यावर पितळी काडतुसांना भेगा पडलेल्या दिसत. किती तरी वर्षं कारण सापडलं नाही. शेवटी 1921 मध्ये शास्त्रज्ञांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला खातो, आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण त्या जागी भेग पाडतो. ओल लागलेल्या युरियातून आणि गोठ्याच्या मोरीतून येणारा वासही अमोनियाचाच. ज्या खोलीत शिरताना नाकाला झोंबतं, त्या खोलीत काडतूस ठेवायचं नाही. हा नियम मी घरच्यांना घालून दिला आहे.

3. पत्र्याखालची खोली कोरडी असते, पण तापते

ओलीला घाबरून काही जण काडतुसं शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवतात. एप्रिल-मे महिन्यात त्या शेडमध्ये माणूस दहा मिनिटं उभा राहू शकत नाही. आजचा धूरविरहित बारूद नायट्रोसेल्युलोजचा असतो. तो मुळातच हळूहळू विघटत असतो. ते रोखण्यासाठी कारखान्यात त्यात स्थिर ठेवणारं द्रव्य मिसळतात. उष्णतेने ते द्रव्य लवकर संपतं आणि मग बारूद आतल्या आत नासतो.

जुनं माळवदाचं घर असेल तर मधल्या खोलीइतकी चांगली जागा नाही. उन्हाळ्यात ती थंड राहते आणि दिवसरात्रीचा फरक तिथे फारसा जाणवत नाही. फक्त माळवद पावसाआधी दुरुस्त केलेलं असावं. गळकं माळवद पत्र्यापेक्षा वाईट. स्लॅबचं घर असेल तर पश्चिमेची भिंत सोडून आतल्या बाजूचं कपाट निवडा.

4. जमीन सोडा, भिंत सोडा

पुलगावला पहिल्या आठवड्यात उस्तादाने आम्हाला कोठारात नेलं आणि विचारलं, "पेटी जमिनीला टेकलेली दिसते का कुठे?" एकही नव्हती. प्रत्येक थराखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हात जाईल इतकी मोकळी जागा, दोन रांगांमध्ये वाट. हवा खेळली पाहिजे आणि बघणाऱ्याला चारही बाजूंनी बघता आलं पाहिजे.

ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, तळघर गच्चीबंद असावं, आत माच घालून त्यावर दारूची भांडी ठेवावीत, सर्दी लागू देऊ नये. घरात हे करायला एक लाकडी फळी आणि चार विटा पुरतात. डबा त्यावर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

5. डबा कोरड्या दिवसांत बंद करा

रबरी पट्टीचं घट्ट झाकण असलेला लोखंडी डबा सगळ्यात चांगला. पण लोक तो आषाढात आणतात, भर पावसात काडतुसं भरतात आणि झाकण लावून निश्चिंत होतात. बाहेरची ओल आत येत नाही, हे खरं. पण आत कोंडलेली ओलही बाहेर जात नाही. डबा मार्गशीर्ष-पौषात, दुपारच्या कोरड्या हवेत भरायचा.

आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे ओल प्यायले की गुलाबी होतात. मग ते मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत कोरडे करायचे. त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, स्वयंपाकाचं वापरू नका, कारण त्यातला रंग विषारी असतो. हे काम काडतुसांपासून लांब, दुसऱ्या खोलीत करायचं. आणखी एक गोष्ट. गार खोलीतला डबा पावसाळ्यात बाहेर आणून लगेच उघडू नका. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा काडतुसांनाही फुटतो. तासभर बंदच ठेवा, मग उघडा.

6. चामडी पट्ट्यात काडतुसं राहू देऊ नका

बँकेत ड्यूटीवर कमरेच्या चामडी पट्ट्यात काडतुसं लावलेली असतात. ती रोज काढून डब्यात ठेवायची. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, त्यात घाम मिसळतो आणि पितळावर हिरवा मेणासारखा थर चढतो. माझ्या एका सोबत्याची काडतुसं दोन वर्षं पट्ट्यातच होती. वार्षिक तपासणीत ती पट्ट्याच्या घरांतून निघेनात. शेवटी पट्ट्याची शिवण उसवावी लागली.

थर पुसायला तेल लावू नका. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपी मारतं. ओलीपासून वाचवायला गेलो आणि तेलाने घालवलं, असं होतं. पूर्वी काडतुसाच्या कागदाला चरबी लावत, तीही ओल लागू नये आणि गोळी नळीत सहज उतरावी म्हणून. त्याच चरबीवरून 1857 मध्ये काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. आजच्या काडतुसाला कोरडं सुती फडकं पुरे.

7. वर्षातून दोन तपासण्या: मृगाआधी आणि खंडेनवमीला

आज्ञापत्रात दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावी असं सांगितलं आहे. तो सोरा, कोळसा आणि गंधकाचा काळा बारूद होता, त्याला ऊन मानवायचं. आजच्या काडतुसाला ऊन वर्ज्य आहे. पण नेमाने उघडून बघण्याची शिस्त आजही तीच हवी.

मृगाआधी डबा उघडा, पुड्या बदला, रबरी पट्टी तडकली आहे का ते बघा. खंडेनवमीला आपण शस्त्रं पूजतोच, त्या दिवशी प्रत्येक काडतूस उजेडात धरून बघा. नळकांडं फुगलंय का, तोंड सुटलंय का, टोपीभोवती हिरवट कडा आहे का, आंबूस वास येतोय का? यातलं एकही दिसलं तर ते काडतूस बाजूला काढा. आणि हळद-कुंकू, पाणी, फूल बंदुकीच्या दस्त्याला वाहा. काडतुसं पूजेत ठेवू नका. देव रागावत नाही, पितळ मात्र गंजतं.

8. जुनं आधी, नवं मागून

आपल्याकडे मिळणारी बारा बोअरची काडतुसं बहुधा सरकारी आयुध कारखान्याची असतात. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना तर 1869 पासून आहे. खोक्यावर लॉट नंबर आणि वर्ष छापलेलं असतं. ते खोकं फेकू नका. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवा: कधी आणली, किती आणली, कोणता लॉट, कधी वापरली. हा हिशेब परवान्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे. परवान्यावर जितकी मर्यादा तितकीच ठेवा, आणि गरज असेल तितकीच घ्या. नीट सांभाळलेलं काडतूस किती तरी वर्षं टिकतं, म्हणून साठा करण्याची गरज नाही.

9. वाजलं नाही तर थांबा

त्या श्रावणातल्या रात्री मी "टक्" ऐकलं आणि बंदूक खाली घेऊन उघडायला गेलो. आप्पांनी माझं मनगट धरलं. "थांब रे. नळी वरच राहू दे." ते मनातल्या मनात आकडे मोजत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. ओल लागलेली टोपी कधी कधी उशिरा पेटते. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं आणि मगच उघडायचं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर दुसरं काडतूस भरण्याआधी नळीत डाट अडकला नाही ना हे रिकाम्या बंदुकीत बघायचं. अडकलेल्या नळीत दुसरा बार काढला तर नळी फाटते.

भिजलेलं काडतूस वाळवून वापरायचं नाही. चुलीजवळ, तव्यावर, उन्हात, कुठेच नाही. ते फोडायचं नाही, पुरायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे नोंद करून जमा करायचं.

10. ठेवणं म्हणजे विसरणं नव्हे

आमच्या जिल्ह्याच्या गावी, बीदरला, महमूद गवानचा मदरसा आहे. 1472 सालचा. दूरदेशीहून विद्वान जिथे शिकवायला येत, ती वास्तू पुढे मोगलांच्या काळात बारूद ठेवायला वापरली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट झाला आणि एक मिनार व दर्शनी भाग ढासळला. निळ्या-हिरव्या फरशांचं उरलेलं काम आजही बघताना पोटात तुटतं. आणि 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली. तिच्यात अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. ज्या वाटांनी मी रोज चाललो, त्या वाटांवर ती माणसं आगीकडे धावली.

घरातला पंचवीस काडतुसांचा डबा म्हणजे भांडार नव्हे, हे मान्य. पण नियम दोन्हीकडे एकच. बारूद कुठेही ठेवला तरी त्याची आठवण ठेवणारं एक माणूस लागतं. डब्याला कुलूप, किल्ली एकाकडेच, बंदूक वेगळ्या कपाटात, आणि घरातल्या लेकरांना डबा कशाचा आहे हे स्पष्ट सांगितलेलं.

आप्पा गेल्यावर वारशाने बंदूक घ्यायची की जमा करायची, असा प्रश्न घरी आला. मी माझ्या मुलाला एकच विचारलं, "मृगाआधी आणि खंडेनवमीला डबा उघडशील?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, पुण्याहून दरवर्षी येणं होणार नाही. आम्ही बंदूक आणि उरलेली काडतुसं रीतसर जमा केली. तुमच्या घरी परवाना असेल तर हाच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर या वर्षी मृग लागण्याआधी एक दुपार काढा आणि डबा उघडून बघा. उत्तर नाही असेल तर तो डबा घरात ठेवू नका.