सायकल गेटच्या आत घ्यायला लावण्याची कृती

पिंपळे गुरवहून पवनेचा पूल ओलांडला की कासारवाडी, नाशिक फाटा आणि पुढे भोसरी एमआयडीसी. सायकलने सहज होणारी वाट, पण गाडी अडते कंपनीच्या गेटवर. मोटरसायकली आत शेडमध्ये, सायकल बाहेर कंपाउंडला टेकवलेली. सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत ती जागेवर राहील याची शाश्वती नाही.

आधी यादी करा. तिन्ही शिफ्टचे सायकलवाले लिहा. कंत्राटी कामगार, हाउसकीपिंग आणि कँटीनवाले यांना वगळू नका. सायकलची खरी गरज त्यांनाच असते आणि यादीतून नेमके तेच सुटतात.

मग टेप घेऊन जागा शोधा. या कामाला वेळ द्या, कारण नुसती परवानगी मागितली की ‘बघू’ म्हणतात. मोजलेली जागा समोर ठेवली की बोलणं पुढे सरकतं. सायकलची लांबी साधारण पावणेदोन मीटर, हँडलची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली नीट उभ्या राहतात. फोर्कलिफ्टचा रस्ता, फायर हायड्रंट, इमर्जन्सी एक्झिट सोडून द्या. शॉप फ्लोअरवर जागा मागूच नका. वर पत्रा हवा, जागा कॅमेऱ्यात दिसावी आणि चाकासकट फ्रेमला कुलूप घालता येईल असा पाइप जमिनीत पक्का बसवावा.

आता अर्ज. कंपनीत कायझेन, म्हणजे कामगारांनी छोट्या सुधारणा सुचवण्याची पद्धत, चालत असेल तर त्याच शीटवर लिहा: ‘आधी’च्या रकान्यात कंपाउंडचा फोटो, ‘नंतर’मध्ये पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या सायकलच्या जागेचा नकाशा. मेंटेनन्सवाल्यांना विचारून पाइपचा खर्चही टाका.

सिक्युरिटीची शंका रास्त आहे: माल बाहेर जाईल. त्यावर उपाय लिहूनच द्या. सायकलला आरटीओ नंबर नसतो, पण बहुतेक फ्रेमवर पेडलच्या खाली नंबर कोरलेला असतो. तो रजिस्टरमध्ये नोंदवा, टोकन घ्या, गेटवर उतरून सायकल हातात धरून चाला, पिशवी उघडून दाखवा. एचआर वाटेतल्या अपघाताचा मुद्दा काढेल. ईएसआयसीत असलेल्या कामगाराला घर ते काम या प्रवासातल्या अपघाताचं संरक्षण 2010 च्या दुरुस्तीपासून आहे, मग तो बसने येवो की सायकलने.

शेवटी एक महिन्याची चाचणी मागा. होकार लेखी घ्या आणि त्याची प्रत गेटच्या केबिनमध्ये लावा. तोंडी होकार गार्ड बदलला की संपतो.