टिंब एक, उच्चार पाच

परवा पारायणात एक मुलगा एकेक अक्षर फोडून ‘पन्‌ढरी’ वाचू लागला. आम्ही म्हटले, “बाळा, थांब. टिंब दिसले की सगळीकडे ‘न’ म्हणायचा नाही. पुढचे अक्षर बघ.”

वर्णांची स्थाने मुख्यतः पाच: कंठ, तालू, मूर्धा, दंत व ओष्ठ. अनुस्वार पुढच्या अक्षराच्या स्थानी जाऊन बसतो. ‘अभंग’मध्ये ग कंठाचा, म्हणून ङ्, ‘पंचमी’त च तालूचा, म्हणून ञ्, ‘पंढरी’त ढ मूर्धेचा, जीभ वर वळते, म्हणून ण्, ‘संत’मध्ये त दातांचा, म्हणून न्, ‘कुंभार’मध्ये भ ओठांचा, म्हणून म्. व्याकरणात यास परसवर्ण म्हणतात. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी रीत निराळी आहे.

शेजारी एक आजी होत्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांना म्हटले, “माउली, कुठं निघालात?” त्या म्हणाल्या, “पंढरीला!” उच्चार अगदी चोख!

तेव्हा वाचणाऱ्याने शास्त्र जरूर शिकावे. पण न शिकलेल्यास हसू नये. शास्त्राने नियम मागाहून सांगितला, जीभ तो आधीच पाळीत होती. आणि टिंबाकडून एवढे घ्यावे, की ज्याची संगत धरावी त्याच्यासारखे व्हावे. आपण संतांची धरू या.

रामकृष्णहरि.