उपनयन संस्कार : अर्थ आणि परंपरा

सोळा संस्कारांत उपनयनाचे स्थान विशेष मानले आहे. ‘उप’ म्हणजे जवळ व ‘नयन’ म्हणजे नेणे. बालकास अध्ययनासाठी गुरूंजवळ नेणे, हा या शब्दाचा सरळ अर्थ होय. बटूच्या कमरेस मुंज नावाच्या तृणाची मेखला बांधतात, त्यावरून ‘मुंज’ हे नाव रूढ झाले. आश्वलायन गृह्यसूत्रात ब्राह्मणासाठी आठवे, क्षत्रियासाठी अकरावे व वैश्यासाठी बारावे वर्ष सांगितले आहे.

विधींमध्ये मातृभोजन सर्वांत हृद्य. आईसमवेत एका ताटात जेवण्याचा तो अखेरचा प्रसंग. पुढे बटू ब्रह्मचर्याश्रमात प्रवेश करतो. त्यानंतर सावित्री मंत्राचा उपदेश होतो. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील या मंत्राचे द्रष्टे विश्वामित्र होत. तो प्रथम एकेक चरण, नंतर अर्धी ऋचा व शेवटी संपूर्ण म्हणवून घेतात. अध्यापनाची ही रीत आजच्या शिक्षकांनाही पटावी! भिक्षेबाबत तर सूत्रकारांनी बालमन जाणले आहे. नकार देणार नाही अशा व्यक्तीकडे प्रथम भिक्षा मागावी, असे ते सांगतात. म्हणून भिक्षावळीत पहिला मान आईचा.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत संस्कृतचे जाणकार व शिक्षक. पाठ केलेल्या प्रत्येक श्लोकास ते बाळला एक पै देत, असे चरित्रकार लिहितात. आठव्या वर्षी मुंज झाली, तोवर बाळचे पुष्कळ संस्कृत मुखोद्गत होते. मुंजीला अध्ययनाची अशी पूर्वतयारी घरातच लाभली होती.

अलीकडे काही घरी विवाहाच्या आदल्या दिवशी मुंज व लागलीच सोडमुंज उरकतात. गुरुगृही जाणे आणि विद्या संपादून परतणे ही दोन टोके एकाच दुपारी गाठली जातात, मधले अध्ययन मात्र राहून जाते. मुहूर्त व कार्यालय ठरविण्याआधी मुलास संध्या कोण शिकविणार, हे ठरवावे. मुलींविषयीही विचारणा होते. हारीताच्या वचनात उपनयन व वेदाध्ययन करणाऱ्या ‘ब्रह्मवादिनी’ स्त्रियांचा उल्लेख आहे, आणि पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत मुलींचेही उपनयन होते.

मुंजीनंतर दरवर्षी श्रावण मासात श्रावणीच्या दिवशी यज्ञोपवीत बदलावे. नवे धारण केल्यावरच जुने उतरवावे.