बचतीला जोड

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण सर्वांना ठाऊक असते. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या माणसापुढे प्रश्न असतो तो पहिला थेंब वाचवण्याचा. त्याला उत्तेजन मिळावे म्हणून काही योजनांत बचत करणाऱ्याच्या रकमेला शासन आपल्या वाट्याची जोड देते. या वाट्यास सह-अंशदान म्हणतात.

भारतात 2010 साली स्वावलंबन योजना सुरू झाली. असंघटित क्षेत्रातील जी व्यक्ती वर्षाला 1,000 ते 12,000 रुपये भरी, तिच्या निवृत्तिवेतन खात्यात शासन 1,000 रुपये जमा करी. 2015 मध्ये तिची जागा अटल पेन्शन योजनेने घेतली. 2019 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत बरोबरीचा वाटा ठरला. 29 व्या वर्षी सहभागी होणाऱ्या कामगाराने दरमहा 100 रुपये भरले, की शासनही तेवढेच भरते. साठीनंतर त्याला दरमहा 3,000 रुपये निवृत्तिवेतन मिळावे, असा हेतू आहे.

जोड मिळाली म्हणजे माणूस बचत करतोच का? अमेरिकेतील सेंट लुईस परिसरात 2005 साली अर्थतज्ज्ञांनी याचा प्रयोग केला. कर-विवरणपत्र भरण्यास आलेल्यांना निवृत्ती खात्यात पैसे ठेवण्यास सुचवले गेले. जोड नसताना सुमारे 3 टक्के, 20 टक्के जोड असताना 8 टक्के आणि 50 टक्के जोड असताना 14 टक्के लोकांनी पैसे ठेवले. जोडीचा परिणाम स्पष्ट होता. तरीही बहुसंख्य लोक दूरच राहिले. समजावून सांगणाऱ्याच्या कौशल्यानुसारही प्रतिसाद बदलला.

म्हणजेच लाभाइतकीच योजनेकडे पाहण्याची दृष्टी महत्त्वाची ठरते. ‘पैसे अडकून पडतील’ ही भीती सर्वस्वी निराधार नसते. श्रमयोगी योजना दहा वर्षांच्या आत सोडल्यास कामगाराला स्वतःचा वाटा बचत खात्याच्या व्याजासह परत मिळतो. शासनाचा वाटा मिळत नाही. म्हणून आजारपणासाठी वेगळी शिल्लक ठेवून मगच म्हातारपणाची बचत करणे शहाणपणाचे असते. नियम आधी समजले, तर विश्वास बसतो. आणि विश्वास बसला, तर हप्ता चुकत नाही.

पाठगत प्रश्न
1. सह-अंशदान म्हणजे काय?
2. सेंट लुईस येथील प्रयोगातून कोणत्या दोन गोष्टी दिसून आल्या?
3. योजनेत सहभागी होण्यापूर्वी तिचे नियम समजून घेणे का आवश्यक आहे?