एका लिटर डिझेलचा हिशेब



कार्तिक सरला की आपल्या भागातील रस्त्यांचे रूप पालटते. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतून उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यांकडे वाहू लागतात. हल्लीखेड, हुंजी, भूसनूर ही एरवी लहान भासणारी गावे हंगामात सर्वांच्या तोंडी असतात. एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर मोळ्यांचा डोंगर आणि पुढे चालकाच्या आसनावर बहुधा आपणांपैकीच कोणाचे वडील, काका किंवा थोरले बंधू! ही गाडी किती डिझेल खाते, यावर त्या घरचा हंगाम बरा गेला की वाईट, हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी हाच विषय मी निवडला आहे.

निवडीला आणखी एक कारण आहे. मागे माझ्या वर्गातील एक मुलगा तीन आठवडे शाळेत आला नाही. चौकशीसाठी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वडील पायाला प्लॅस्टर घालून बाजेवर पडलेले दिसले. उतारावर मागच्या ट्रॉल्यांनी ट्रॅक्टरला रेटले होते आणि सारी गाडी मोरीच्या कठड्यावर आडवी झाली होती. ते ओशाळून म्हणाले, "सर, वाटीभर डिझेल वाचेल म्हणून गिअर काढला होता." ते शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. वाटीभर डिझेल खरोखर वाचते काय? वाचत असेल, तर ते दुसरीकडे कोठे, जिवाला धोका न होता, मिळू शकते काय? मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. परंतु नववीच्या पुस्तकातील बल आणि कार्य हे दोन पाठ एवढ्या हिशेबास पुरेसे आहेत.

लिटरात असते किती?

ज्याच्या नावाने हे तेल ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता. त्या काळची वाफेची यंत्रे कोळशातील उष्णतेचा अगदी अल्प भाग कामी लावीत. बाकीची धुराड्यातून वाया जाई. ही उधळपट्टी त्याला सोसवेना. हवा इतकी दाबावी की ती दाबानेच तापेल आणि तीत सोडलेले तेल ठिणगीवाचून पेट घेईल, अशी त्याची कल्पना होती. १८९३ मध्ये तिचे पेटंट त्याला मिळाले आणि १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे त्याच्या यंत्राने इंधनातील उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा कामात उतरवून दाखविला. म्हणजे डिझेल इंजिनाचा जन्मच मुळी काटकसरीच्या पोटी झाला आहे.

आता आपला हिशेब. एक किलो वजन एक मीटर उंच उचलण्यास जे काम पडते, त्यास एक किलोग्रॅम-मीटर म्हणू. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ लक्ष किलोग्रॅम-मीटर कामाइतकी ऊर्जा साठविलेली असते. परंतु पुष्कळशी उष्णता धुराबरोबर आणि रेडिएटरमधून निघून जाते. काही दातेरी चक्रांत, काही चाकांच्या घसरण्यात खर्च होते. ट्रॅक्टरच्या मागील हुकापाशी, ओढण्याच्या कामी, सुमारे ८ लक्षच उरतात. हा ८ लक्षांचा आकडा लक्षात ठेवावा. पुढचे सर्व गणित त्यावरच उभे आहे.

खर्च कोठे होतो?

ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून सोयीसाठी २० टन, म्हणजे २०,००० किलो वजन धरू.

पहिला खर्च रस्त्याचा. चाक फिरताना टायर दबतो, रस्ताही किंचित दबतो आणि त्यात बळ खर्ची पडते. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा विरोध वजनाच्या सुमारे दीड टक्का असतो. आपल्या गाडीस तो ३०० किलोचा झाला. एक किलोमीटर जाण्यास ३ लक्ष किलोग्रॅम-मीटर काम पडेल, म्हणजे एका लिटरात गाडी साधारण पावणेतीन किलोमीटर जाईल. हीच गाडी फडातून निघून कच्च्या वाटेने चालली, तर विरोध पाच टक्क्यांपर्यंत चढतो. मग एका किलोमीटरलाच सव्वा लिटर लागते! फडापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट गावाने मुरूम टाकून दाबून घेतली, तर प्रत्येक खेपेत डिझेल वाचते ते असे. टायरमध्ये हवा कमी असली, तर गाडी जणू स्वतःबरोबर कच्ची वाट घेऊनच हिंडते. उलट पोलादी रुळावर पोलादी चाकाला विरोध फार थोडा. बीदर ते कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा लोहमार्ग २०१७ साली खुला झाला. त्यावर २० टनांचा डबा ओढण्यास सपाटीवर ४० किलोच्या आसपास बळ पुरते.

दुसरा खर्च चढाचा. माझी मातृभाषा कोकणी, आणि बालपण जांभ्या दगडाच्या घरात गेलेले. बीदरला प्रथम आलो तेव्हा किल्ल्याखालचा तोच तांबडा जांभा पाहून मला गाव भेटल्यासारखे वाटले. हे जांभ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंच आहे. कलबुर्गी सुमारे ४५० मीटरवर. २० टन वजन १०० मीटर वर चढविण्यास २० लक्ष किलोग्रॅम-मीटर, म्हणजे अडीच लिटर डिझेल रस्त्याच्या खर्चाखेरीज लागते. या खर्चात काटछाट करता येत नाही. मात्र चढावर इंजिन कुंथू लागेपर्यंत वरच्या गिअरचा हट्ट धरणे, किंवा सपाटीवर खालच्या गिअरमध्ये इंजिन उगाच किंचाळत ठेवणे, या दोन्ही चुकांनी तेल जळते. काळा धूर दिसला की समजावे, अर्धवट जळलेले आपलेच पैसे आकाशात चालले आहेत. हवेची गाळणी तुंबली असेल किंवा तेलाचा फवारा बिघडला असेल, तरीही हेच लक्षण दिसते.

तिसरा खर्च थांबण्याचा. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेल्या या गाडीत सुमारे ३२ हजार किलोग्रॅम-मीटर ऊर्जा असते. ब्रेक दाबताच ती उष्णता होऊन वाया जाते आणि गाडी पुन्हा त्या वेगाला आणण्यास सुमारे ४० मिलिलिटर डिझेल पडते. पंचवीस वेळा थांबलो की एक लिटर संपले. गतिरोधक दुरूनच दिसला असता आधीच वेग उतरवणारा चालक हे जाणून असतो.

चौथा खर्च वाऱ्याचा. आपल्या ट्रॅक्टरला तो जाणवत नाही, कारण ताशी २० किलोमीटर वेगास उभ्या ट्रॉलीवरील हवेचा विरोध दहा किलोच्या आतच असतो. परंतु हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चौपट झाला की विरोध सोळापट! अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात पुष्कळ कुटुंबे चाके लावलेले छोटेखानी घर डिझेल ट्रकमागे जोडून हजारो किलोमीटर प्रवास करतात. ट्रकसह ६ टनांची अशी घरगाडी धरली, तर रस्त्याचा विरोध ९० किलोच्या आसपास. पण तेवढ्याच आकाराच्या उभ्या भिंतीवर ताशी ८० किलोमीटरला हवेचा विरोध १५० किलो आणि १०० किलोमीटरला सुमारे २३५ किलो होतो. एकूण ओढ २४० वरून ३२५ वर जाते, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढते. तेथील प्रवाशाला सर्वांत स्वस्त काटकसर म्हणजे वेग कमी करणे. आपल्या पुणे-सोलापूर-हुमनाबाद-हैदराबाद महामार्गावरील उंच मालट्रकांनाही हाच नियम लागू आहे.

वाटीभर डिझेल

आता त्या उताराकडे वळू. तीस मीटर अंतरात एक मीटर खाली जाणारा ३०० मीटर लांबीचा उतार घ्या. तो २० टनांच्या गाडीला सुमारे ६६७ किलोच्या बळाने पुढे ढकलतो. रस्त्याचा विरोध वजा जाता ३६७ किलो उरतात. गिअर काढला, तर हे सारे बळ वेग वाढविण्यात जाते. ताशी २० किलोमीटरने उताराला लागलेली गाडी पायथ्याशी ताशी ४२ किलोमीटरच्या घरात पोहोचते आणि तिच्यातील ऊर्जा चौपटीहून अधिक झालेली असते. मोळ्यांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून रेटीत आहेत, त्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नाहीत आणि समोर मोरी आहे. वेगळे सांगावयास नको.

बरे, या साहसात मिळते काय? पुष्कळांची समजूत अशी की, गिअरमध्ये असता इंजिन उतारावरही तेल खाते. ही समजूत चुकीची आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला, की चाकेच इंजिनाला फिरवितात आणि नियंत्रक तेलाचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. गिअर काढला असता मात्र इंजिन मंद गतीने चालू ठेवण्यास तेल जळतच राहते. एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "पण सर, वाढलेला वेग पुढे सपाटीवर उपयोगी पडेल ना?" शंका योग्य आहे. त्या वाढीव वेगातील ऊर्जा १३० मिलिलिटर डिझेलची, म्हणजे खरोखरच वाटीभर. परंतु ती हाती येते केव्हा? पायथ्यापुढे रस्ता सरळ व मोकळा असेल आणि एकदाही ब्रेक लावावा लागणार नाही तेव्हा. वळण, मोरी, गुरे वा माणूस समोर आले की तीच ऊर्जा ब्रेकमध्ये भस्म होते, किंवा ब्रेक अपुरे पडतात. कोकणातील घाटांत जुने चालक नवख्याला एकच पाठ देत, ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा. त्यात काटकसरही आहे आणि घरी परतण्याची हमीही.

मग ती वाटी मिळवावी कोठून? कारखान्याच्या काट्यापुढील रांगेतून! मंद गतीने उभे चालणारे ट्रॅक्टरचे इंजिन तासाला सुमारे एक लिटर डिझेल जाळते. १३० मिलिलिटर वाचविण्यास ते आठ मिनिटे बंद ठेवणे पुरे. रांगेत तीन तास इंजिन बंद ठेवले, तर तीन लिटर, म्हणजे भरल्या गाडीची आठ किलोमीटरची वाट वाचली. बॅटरी अशक्त आहे, पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीने कित्येकजण इंजिन चालूच ठेवतात. त्यांनी आधी बॅटरी दुरुस्त करून घ्यावी. तिचा खर्च हंगामात भरून निघतो.

आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक परदेशांतून आणतो, आणि एक लिटर डिझेल जळाले की अडीच किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. म्हणून घरची बचत ही देशाचीही आहे. पण मला आज देशापेक्षा त्या बाजेवरच्या गृहस्थांची आठवण अधिक होते. ते आळशी नव्हते, उधळे नव्हते. दोन पैसे वाचवावे म्हणूनच त्यांनी तो गिअर काढला. त्यांची काटकसर खोटी नव्हती, तिची जागा चुकली होती. योग्य जागा दाखविणे हे विद्येचे काम, आणि ती विद्या शाळेतून घरी नेणे हे तुमचे. पुढे तो मुलगा शाळेत आला, तेव्हा हाच हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. त्याने तो वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, "सर, हे बाबांना वाचून दाखवतो." माझ्या दृष्टीने त्या पाठाची परीक्षा तेथेच संपली.

स्वाध्याय

१. १२ टन वजनाची गाडी २०० मीटर उंची चढते. केवळ चढासाठी किती डिझेल लागेल? (लेखातील ८ लक्षांचा आकडा वापरा.)

२. रांगेत पाच ट्रॅक्टर प्रत्येकी दोन तास इंजिन चालू ठेवून उभे आहेत. वाया गेलेल्या डिझेलवर भरलेली २० टनांची गाडी डांबरी सपाट रस्त्यावर किती किलोमीटर गेली असती?

३. आपल्या किंवा शेजारच्या घरी ट्रॅक्टर असल्यास आठ दिवसांची नोंद ठेवा: खेपा, अंतर, भरलेले डिझेल आणि रांगेत उभे राहण्याचा वेळ. नोंद वडीलधाऱ्यांसमवेत वाचा आणि वाटीभर डिझेल कोठे सापडते ते शोधा.