शेडचा कोबा आणि त्याची निगा



लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा यांविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. ट्रॅक्टर घेतला की शेड आली, शेड आली की कोबा आला. आणि दोन पावसाळ्यांत कोब्याची पूड उडू लागली की सभासद विचारतात, "साहेब, वरून कोणता रंग मारू?" आमचे म्हणणे असे, की रंगाचा विचार सर्वांत शेवटी. ओल येते ती खालून. तिला वरून रंग लावून काय अडणार?

हे डोळ्यांनी पाहायचे तर घाट उतरून कडावला जावे. कर्जत तालुक्यातले, कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे हे गाव. तिकडे ऊस नाही, भात. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. देशावरच्या कित्येक गावांत पाच वर्षांत मिळून तेवढा पडतो. शिवाय भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याने या पट्ट्यात येते आणि उन्हाळी भात होतो. म्हणजे जमिनीला बाराही महिने ओल. गेल्या पावसाळ्यात कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रावरून परतताना आम्ही त्या बाजूच्या तीन-चार शेड पाहिल्या. एका शेडमध्ये महागडा रंग लावलेला, पण तो पापडासारखा फुगून सुटलेला, आणि कोपऱ्यातल्या युरियाचे दगड झालेले. शेजारच्याच खाचराकडेला दुसरी शेड. जोते दीड फूट उंच, वर रंगाचा एक थेंब नाही, आणि जमीन कोरडी ठणठणीत. फरक होता तो कोब्याच्या पोटात.

पोटात काय असावे ते सांगतो. काळी माती काढून टाकावी, नाहीतर ती फुगते-आकसते आणि कोबा तडकतो. मुरूम थराथराने पाणी मारून दुरमुसाने ठोकावा, वर दगडाची सोलिंग, तिच्या फटी कचेने भरून सपाटी करावी. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, अडीचशे मायक्रॉनचा, जोडावर फूटभर एकावर एक चढवून. हा कागद म्हणजे सगळ्या खर्चातला सर्वांत स्वस्त भाग. आणि गवंडी नेमका तोच गाळतो.

ट्रॅक्टरसाठी पाच इंच जाडी धरावी. 20 फूट बाय 15 फुटांच्या शेडला सव्वाशे घनफूट काँक्रीट लागते. एकास दीड, तीन या प्रमाणात सुमारे 28 पोती सिमेंट, अर्धा ब्रास वाळू आणि एक ब्रासच्या थोडी वर खडी. कोकणात खाडीची वाळू मिळत असेल तर न धुता वापरू नये, तिच्यातले मीठ ओल धरून ठेवते. पाणी पोत्यामागे 25 लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ केले की मजुरांचे काम हलके होते, पण सगळी पूड उडते ती या जादा पाण्यापायी. वर पाणी सुटले म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरून घोटायची रीत आहे. ती बंद करावी. पाणी आटू द्यावे, मग घोटावे.

दाराकडे आठ फुटांस एक इंच उतार ठेवावा. आणि दहा फुटांवर सांधा कापावा, सव्वा इंच खोल, दुसऱ्या दिवसाच्या आत. काँक्रीट आकसणार हे नक्की. आपण रेघ आखून दिली तर ते रेघेतच फाटते.

मग पाणी. आज बाजारात बहुतेक सिमेंट पीपीसी असते. त्याला निदान दहा दिवस ओले ठेवावे लागते, आणि कडक उन्हाळ्यात चौदा. कडेने चिखलाचे बांध घालून भाताच्या खाचरासारखे पाणी कोंडावे. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे म्हणजे पाणी घातल्याचे समाधान, दुसरे काही नाही.

इथे आपल्या धंद्यातली एक गोष्ट. ओल्या काँक्रीटची आणि साखरेची हाडवैर. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट धरायला चार-एक तास उशीर होतो. शंभर ग्रॅमच्या पुढे गेली तर ते धरतच नाही म्हणा. (काँक्रीटची गाडी वाटेत अडकली तर ड्रममध्ये साखर टाकून माल वाचवतात तो याच गुणावर.) म्हणून गुळाच्या पिंपातले पाणी काँक्रीटला वापरू नये, आणि साखरेची किंवा गुळाची गोणपाटे ओलाव्यासाठी अंथरायची तर आधी खळखळून धुवावीत. कोबा पक्का झाल्यावरही रस आणि मळी त्यातला चुना हळूहळू खातात. गुऱ्हाळातली जमीन रोज धुवावी लागते ती एवढ्यासाठी. शहाबादी फरशी टाकून सुटका होईल असे कोणी समजू नये, तोही चुनखडीचाच दगड.

खतांमध्ये अमोनियम सल्फेट काँक्रीटला सर्वांत वाईट. पोती कधीही जमिनीवर नकोत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर. बॅटरी फळीवर ठेवावी. तिचे आम्ल सांडलेच तर खाण्याचा सोडा टाकून धुवावे. डिझेल-ऑइलने कोबा फारसा खात नाही, पण निसरडा होतो आणि पुढे त्यावर रंग धरत नाही. भुसा टाकून लगेच पुसावे. कडावकडे चिखलणीला केजव्हील लावतात. तसल्या लोखंडी चाकांसह ट्रॅक्टर आत घेतला तर एका फेरीत कडा उडतात. चाके बाहेर उतरवावीत.

आता जुन्या कोब्याचे. दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर आणि अर्धा दिवस ठेवावे. खालच्या अंगाला घाम आला, किंवा कोबा काळा पडला, तर ओल जमिनीतून येते. रंगाचे पैसे खिशातच ठेवावेत आणि आधी पागोळ्यांचे पाणी चर काढून दूर न्यावे. प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला थेंब असतील तर तो दमट हवेचा घाम, तिथे खिडकी उघडल्याने काम होते. ही परीक्षा श्रावणात करावी, चैत्रात कोरडी निघाली म्हणून फसू नये. कोबा खालून कोरडा असून नुसती पूड उडत असेल तर सिलिकेटचे हार्डनर पाजावे. ते आत मुरते, त्याचा पापड सुटत नाही. जाड इपॉक्सी रंग ट्रॅक्टर-शेडला लागतो असे आम्हांस वाटत नाही.

कर्जत-खालापूरकडे मुंबईकरांच्या बंगल्यांखाली गाडीसाठी तळघरे पाहून आपल्यापैकी एकदोघांनी तशी चौकशी केली. भूजल वर आले की ते तळ वर ढकलते. नुसता कोबा तिथे टिकत नाही; सळईचा तळ, जलरोधक थर आणि इंजिनिअरचे गणित लागते. ज्यांचा भूखंड सपाट आहे त्यांनी खाली खणण्याऐवजी तोच पैसा जोते उंच करण्यात घालावा.

भेगा बुजवायच्या तर घाई करू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा, भेग किती लांबते ते पेन्सिलीने टोकांवर खूण करून पाहावे, आणि दसऱ्यानंतर भरावी.